'मला प्रचीती आली' : इथे वाद संपतो की सुरू होतो?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

ईश्वर आहे की नाही हा वाद बहुतेक वेळा एका ठरावीक जागी येऊन अडतो. विश्वाला कर्ता हवा, सृष्टीत रचना दिसते, नीतीला आधार हवा हे सगळं झडून गेलं की आस्तिक बाजूचं कुणीतरी शांतपणे म्हणतं, "तुमचं बरोबर असेल, पण मला प्रचीती आली आहे." त्यावर एक तर "भास झाला असेल" असं उत्तर येतं, नाहीतर लोक हात जोडून गप्प बसतात. मला दोन्ही आळशीपणा वाटतो. पहिल्यात समोरच्याला न ऐकताच निकालात काढलेलं असतं, दुसऱ्यात तपासायची जबाबदारी झटकलेली असते.

या विषयाचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने घातला. १९०१-०२ साली एडिंबरा इथे त्याने दिलेली व्याख्यानं १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली. गूढानुभवाच्या चार खुणा त्याने सांगितल्या: शब्दांत न मावणं, काहीतरी 'कळलं' अशी खात्री वाटणं, थोडाच काळ टिकणं, आणि हे मी केलं नाही, मला झालं अशी जाणीव. त्याचा निष्कर्ष मात्र लोक अर्धाच सांगतात. ज्याला अनुभव येतो त्याच्यावर त्या अनुभवाचा अधिकार चालतो, आणि चालायलाही हरकत नाही. बाहेरच्याने तो निमूट मानावा असं बंधन नाही. आणि तरीही, अशा अवस्था असतात एवढ्यानेच, रोजची तर्कबुद्धी हीच ज्ञानाची एकमेव वाट आहे हा दावा ढिला पडतो.

माझी शंका यातल्या पहिल्याच भागाबद्दल आहे. दुसऱ्यासाठी तो पुरावा नाही हे बरेचजण मान्य करतील. पण ज्याला आला त्याच्यासाठी तरी का असावा? अनुभव आला, यात वाद नाही. तो ईश्वराचा होता हे मात्र त्याने केलेलं अनुमान आहे. ते तपासायला तो स्वतः सगळ्यात योग्य माणूस, की सगळ्यात अयोग्य?

एक विनंती. बुवाबाबांचे चमत्कार आणि 'आमचाच धर्म कसा शास्त्रीय' हे इथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि त्यांची काय गत होते हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

तिरकस

वाचनखूण साठवली. धागा शंभरी गाठणार आणि शेवटी प्रत्येकजण आपापल्या जागी सुखरूप असणार.

उदाहरणार्थ

चांगला विषय. धागाकर्त्यांनी अनुभव आणि अनुमान अशी जी फोड केली ती दिसते तितकी सोपी नाही. समोर झाड दिसतं तेव्हा तरी मी काय वेगळं करतो? डोळ्यांना रंग आणि आकार जाणवतात, 'झाड आहे' असं मी मानतो. प्रत्येक वेळी 'हे अनुमान आधी सिद्ध कर' म्हणायला लागलो तर दारापर्यंत पोचणंही अवघड होईल.

पूर्वमीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाची मीमांसा करणाऱ्यांनी, यासाठी स्वतःप्रामाण्य सांगितलं. ज्ञान झालं की ते मूळचंच प्रमाण (खरं मानण्याजोगं) असतं, त्याला बाहेरून शिक्का लागत नाही. नंतर त्याला बाध आणणारं, म्हणजे खोडून काढणारं, दुसरं ज्ञान झालं, किंवा ज्ञानाच्या कारणात दोष सापडला (डोळ्यांना विकार, अंधार, अंतर), तरच ते अप्रमाण ठरतं. नैयायिकांना (न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना) हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते प्रामाण्यही बाहेरूनच ठरतं, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून पाऊल टाकलं आणि ते यशस्वी झालं की मग.

ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्नने १९७९ साली ईश्वराच्या बाजूने जो युक्तिवाद केला तो जवळपास मीमांसकांच्याच वाटेने जातो. एखाद्याला क्ष समोर आहे असं वाटलं, तर उलट कारण मिळेपर्यंत क्ष समोर आहे असंच धरावं. त्याच्या जोडीला दुसरा नियम, की लोक आपले अनुभव सांगतात तेव्हा उलट कारण मिळेपर्यंत त्यांच्यावर विश्वास ठेवावा. हे दोन्ही मान्य केले की सिद्ध करायचा भार नास्तिकावर जातो. 'तू सिद्ध कर' असं म्हणण्याऐवजी त्याला 'यात दोष कुठे आहे' हे दाखवावं लागतं.

तेव्हा, पाटीपेन्सिल, तुमच्या प्रश्नाला पहिलं उत्तर असं: ज्याला अनुभव आला त्याने तो खरा मानण्यासाठी वेगळं कारण शोधायची गरज नाही. खोटा मानण्यासाठी आहे.

शंकासूर

उदाहरणार्थ, निम्मी गोष्ट सांगितलीत. ज्या मीमांसकांचा नियम तुम्ही आस्तिकांच्या हाती देताय, त्यांनीच योग्यांचं अतींद्रिय प्रत्यक्ष नाकारलं होतं! कुमारिल भट्टांचं म्हणणं साधं होतं. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियाचा समोर असलेल्या वस्तूशी संबंध. ध्यानात बसून माणसाची इंद्रियं इंद्रियांच्या पलीकडचं पाहू लागत नाहीत. शिवाय सृष्टिकर्ता ईश्वरही त्यांना मान्य नव्हता.

आणि कुमारिलांच्या नावावर जो श्लोक सांगितला जातो तो तर या धाग्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: 'सुगतो यदि सर्वज्ञः कपिलो नेति का प्रमा'. बुद्ध सर्वज्ञ असेल, तर सांख्यदर्शनाचा कपिल नाही हे कशावरून? आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद कसा? आज प्रचीतीबद्दल हाच प्रश्न विचारला तर लोकांना तो पाश्चात्त्यांचा वाटतो.

थोडा पुढे न्या. वेदान्ती समाधीतून उठून सांगतो, 'आत्मा एकच आहे, तो मीच आहे.' बौद्ध तितक्याच कसून केलेल्या ध्यानातून उठून सांगतो, 'शोधला, आत्मा नावाचं काही सापडलं नाही.' जैनाला मुक्त जीव दिसतो, सृष्टिकर्ता दिसत नाही. सूफीला प्रियकर भेटतो. एकाचं 'मी पाहिलं' हे दुसऱ्याच्या 'मी पाहिलं'ला बाध आणतं. म्हणजे तुमच्या नियमात जी अट आहे, ती इथे आधीच पूर्ण झालेली आहे.

ओसरी

शंकासूर, इतकी घाई नको. मतभेद सांगण्यात आहे की अनुभवण्यात? 'मीपणा विरला, काळ थांबला, सगळं एक आहे' एवढा गाभा जवळपास सगळीकडे सापडतो. वर्णन करताना प्रत्येकजण आपल्या घरची भाषा वापरतो.

शंकासूर

मग त्या गाभ्यात ईश्वर कुठे उरला? सगळ्यांचं जुळावं म्हणून अनुभव इतका सोलायचा, की उरतं ते 'मीपणा विरला'. ते तर निरीश्वरवाद्यालाही चालेल. ईश्वर ठेवायचा तर मतभेद येतो, मतभेद टाळायचा तर ईश्वर गळतो. शिवाय १९७८ साली स्टीव्हन कॅट्झने गाभ्याच्या कल्पनेवरच हरकत घेतली. त्याच्या मते परंपरा अनुभवाला नंतर रंग देते असं नाही, ती अनुभव घडवण्यातच असते. वर्षानुवर्षं ज्याची मूर्ती डोळ्यांपुढे आणायचा सराव केला, तोच दिसतो. विठ्ठलभक्ताला अचानक मेरी दिसली असं फारसं ऐकिवात नाही.

तिरकस

दिसली तरी तो घरी सांगणार नाही.

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून थोडं त्या बाजूचं लिहितो. 'कुणीतरी सोबत आहे' ही जाणीव आम्हाला नवीन नाही. पेशंट सांगतात, आणि सांगताना अजिबात भ्रमिष्ट नसतात. नाव, वार, तारीख सगळं बरोबर सांगतात.

यातली दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. १९१६ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेला शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती अन्न, झोप, आशा सगळं संपत आलेलं असताना साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ओलांडत होते. नंतर शॅकल्टनने लिहिलं, की आपण तिघं नसून चौघं आहोत असं त्याला वारंवार वाटत होतं. त्याने न विचारता सोबत्यांनाही तेच वाटल्याचं त्यांनी सांगितलं. १९३३ साली एव्हरेस्टवर एकटाच वर जाणारा गिर्यारोहक फ्रँक स्माइद आपल्या खाऊचा तुकडा मोडून शेजारच्याला द्यायला वळला होता. शेजारी कुणी नव्हतं. शॅकल्टनने त्या चौथ्याला दैवी म्हटलं, स्माइदने सोबती म्हटलं.

दुसरं उदाहरण १९७१ चं. वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस. जोडीदार गमावलेल्या २९३ लोकांशी ते बोलले. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचं अस्तित्व जाणवलं होतं, काहींना दिसणं, ऐकू येणंही होतं. बहुतेकांनी हे आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि बऱ्याच जणांना त्याचा त्रास होण्याऐवजी आधार वाटला होता.

२००६ साली एका एपिलेप्सीच्या रुग्णाच्या मेंदूची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी चालली होती. डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागे जिथे टेम्पोरल आणि पराइटल भाग भेटतात तिथे विजेचा सौम्य प्रवाह दिला, की तिला आपल्या मागे एक सावलीसारखी व्यक्ती जाणवायची. ती बसली की तीही बसायची. प्रवाह थांबला की व्यक्ती गायब.

यातून देव नाही असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणतोय, की कुणी नसताना 'कुणीतरी आहे' अशी पक्की जाणीव निर्माण करायची सोय मेंदूत आहे. उदाहरणार्थ म्हणतात तो 'कारणातला दोष' शोधायचा तर इथून सुरुवात करावी लागेल.

ओसरी

मेंदूच्या मागच्या भागाला प्रवाह दिला तर प्रकाशाचे ठिपके दिसतात. म्हणून बाहेर प्रकाश नाही असं कुणी म्हणत नाही. ईश्वराला माणसाशी बोलायचंच असेल तर ते मेंदूतूनच होणार, यकृतातून नाही. त्यामुळे मेंदूत काय घडतं हे सापडलं म्हणून काहीही खोडलं जात नाही.

आणि हे प्रयोग नेहमी बातम्यांत येतात तितके भक्कमही नसतात. मायकेल पर्सिंगरचं ते प्रसिद्ध 'गॉड हेल्मेट' आठवा. डोक्याभोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं की लोकांना कुणीतरी असल्याची जाणीव होते असा दावा होता. २००५ च्या सुमारास स्वीडनमध्ये तोच प्रयोग अशा पद्धतीने केला, की यंत्र चालू आहे की बंद हे प्रयोग करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. फरक पडला नाही. जो माणूस सूचनांनी पटकन प्रभावित होतो त्याला बंद यंत्राखालीही अनुभव येत होते. पर्सिंगरने यंत्र नीट वापरलं नाही अशी तक्रार केली, ती वेगळी. पण 'देव म्हणजे चुंबक' असं अजूनही छातीठोकपणे सांगणारे लोकही शेवटी श्रद्धेनेच बोलतात.

रात्रपाळी

हेल्मेटबद्दल सहमत. ठिपक्यांबद्दल नाही. प्रकाश बाहेर आहे हे मला ठिपक्यांवरून कळलेलं नाही, ते तपासायला माझ्याकडे दुसरे मार्ग आहेत. ईश्वराच्या बाबतीत दुसरा मार्ग असता तर हा धागाच निघाला नसता.

पायरी

मंडळी, मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा असेन. एक साधा प्रश्न विचारतो. ज्यांना अनुभव आला त्यांनी तो पुरावा म्हणून मांडलाय का हो?

तुकोबा सांगतात, 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां'. स्वप्नातली गोष्ट आहे हे ते लपवत नाहीत. आणि पुढे देव आहे असा निष्कर्षही काढत नाहीत. पुढची ओळ आहे 'सांगितलें काम करावें कवित्व'. स्वप्नातून त्यांनी एक काम घेतलं. आणि हेच तुकोबा दुसरीकडे 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल' असंही म्हणून जातात. ज्याच्या खिशात पुरावा आहे तो माणूस असं बोलेल का?

तिकडे पास्कल पाहा. १६५४ साली फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणारा माणूस. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला सुमारे दोन तास काहीतरी झालं. त्याने कागदावर 'अग्नी' असा शब्द लिहिला, 'अब्राहमचा, इसहाकचा, याकोबचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे' असं लिहिलं, आणि ते कोटाच्या अस्तरात शिवून टाकलं. १६६२ साली तो गेल्यावर नोकराला ते सापडलं. पुराव्याचं वजन कसं करायचं हे त्या काळात त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? त्याने ही गोष्ट वादात कधी काढली नाही.

शंकासूर

काका, पास्कलचा दाखला आवडला. पण तो माझ्या बाजूचा आहे.

पायरी

असू दे की. मी कुठे बाजू घेतली?

अनुभवसिद्ध

इथे सगळे पाश्चात्त्य संशोधक आणि खंडन-मंडन चाललंय. आपल्या परंपरेने कायमच अनुभवाला सर्वोच्च प्रमाण मानलं आहे. शास्त्र नंतर, अनुभव आधी. ज्यांनी साधना केली नाही त्यांनी यावर बोलणं म्हणजे जन्मांधाने रंगांवर बोलणं.

उदाहरणार्थ

'कायमच' आणि 'सर्वोच्च' या दोन्हींवर हरकत आहे. मीमांसकांचं वर आलंच. न्यायदर्शनात योगिप्रत्यक्ष, म्हणजे योग्याला होणारं अतींद्रिय दर्शन, मान्य आहे, पण दहाव्या शतकात उदयनाचार्यांना 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध करायचा होता, तेव्हा त्यांनी 'मला दिसला' असं म्हटलं नाही. अनुमानं मांडली: जग हे कार्य आहे म्हणून कर्ता हवा, वगैरे. योगिप्रत्यक्ष हाताशी असताना अनुमानाचा खटाटोप का केला? कारण समोर बौद्ध होता, आणि त्याच्याकडे त्याचे स्वतःचे योगी होते. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी योगिप्रत्यक्ष हा प्रत्यक्षाचाच एक प्रकार धरला आहे. योग्याला योगी काढून वाद मिटत नाही हे त्या काळातल्या लोकांना पक्कं माहीत होतं.

आणि शंकराचार्य. 'जन्माद्यस्य यतः' या ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात ते ब्रह्मजिज्ञासेत श्रुतीबरोबर (वेदवचनाबरोबर) अनुभवालाही प्रमाण म्हणतात, हे खरं. पण त्यांच्या एकूण मांडणीत ब्रह्माचं ज्ञान श्रुतिवाक्यातून होतं, अनुभव हे त्या ज्ञानाचं फळ आहे. आधी अनुभव घ्या, मग श्रुती पडताळा हा क्रम आजच्या वाचकाला ओळखीचा वाटतो तो मुख्यतः विवेकानंद आणि राधाकृष्णन यांच्यामुळे. त्यांना विज्ञानाच्या युगाशी बोलायचं होतं, आणि प्रयोगाशी जुळेल असं आपल्याकडे काय आहे, तर अनुभव. हे चूक होतं असं मी म्हणत नाही. सनातन नव्हतं एवढंच.

राहता राहिला जन्मांध. रंग न दिसणाऱ्यालाही डोळस माणसाची परीक्षा घेता येते. दोन डोळसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, तेच दहा कागद दाखवा, उत्तरं जुळतात का बघा. आंधळ्याला खात्री पटेल की यांना काहीतरी कळतंय. साधकांची अशी परीक्षा घेतली तर काय होईल, ते शंकासूरांनी वर लिहिलंच आहे.

तिरकस

समर्थ म्हणून गेलेत, 'प्रचितीविण जें बोलणें । तें अवघेंचि कंटाळवाणें । तोंड पसरून जैसें सुणें । रडोन गेलें'. म्हणजे या धाग्यावरचे आपण सगळे.

पायरी

पण समर्थ एकट्या आत्मप्रचीतीवर थांबत नाहीत, शास्त्रप्रचीती आणि गुरुप्रचीतीही जुळावी लागते. आपल्याला जे वाटलं ते दोन ठिकाणी ताडून पाहायचं. भाविकालासुद्धा स्वतःवर इतका अविश्वास शिकवलेला आहे, हे शंकासुरांनी लक्षात घ्यावं.

शंकासूर

घेतलं. पण गुरू आणि शास्त्र दोन्ही त्याच घरचे असले तर ताडून काय पाहिलं?

वळणावरची

बरेच दिवस वाचनमात्र आहे. आज लिहिते, कारण ज्यांच्याबद्दल चर्चा चालली आहे त्यांच्यापैकी मी एक आहे, आणि टेबलावर ठेवलेल्या नमुन्यासारखं वाटायला लागलंय.

मला काही दिसलं नाही, आवाज आला नाही. वडिलांच्या आजारपणात रात्री त्यांच्या उशाशी बसले होते. मी थकलेली होते, प्रार्थना वगैरे करत नव्हते. मी तेव्हा नास्तिक होते असं नाही, मला हा विषयच महत्त्वाचा वाटत नव्हता. आणि एकदम कळलं. काय कळलं ते सांगता येणार नाही, जेम्सची पहिली खूण म्हणा. सगळं कुणाच्यातरी हातात आहे आणि ते हात चांगले आहेत, याच्या आसपासचं काहीतरी. वडील बरे झाले नाहीत. तसं आश्वासनही त्यात नव्हतं. पण मरणाची जी भीती मला लहानपणापासून होती ती गेली, आणि परत आली नाही.

रात्रपाळींचं सगळं मी वाचलं, पटलंही. थकवा, जागरण, ताण, सगळ्या खुणा लागू पडतात. तरी 'तो भास होता' असं मी म्हणायला जाते, तेव्हा मला स्वतःचं ते बोलणं खोटं वाटतं. हे तुमच्या कुठल्या प्रमाणात बसतं ते तुम्ही ठरवा.

शंकासूर

ताई, लिहिलंत हे चांगलं केलंत. अनुभवावर माझा काहीच आक्षेप नाही, आणि तो तुम्हाला भ्रम म्हणून नाकारा असंही सांगणार नाही. फक्त एक वेगळं करून पाहा. परिणाम खोल झाला, म्हणून कारण ईश्वर होतं, असं ठरतं का?

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची गोष्ट तुमच्याशी जुळणारी आहे. १९०१ साली सहकारी व्हाइटहेडच्या पत्नीला असह्य वेदनेत पाहताना त्याच्या पायाखालची जमीन सरकली. पाच मिनिटांत तो वेगळा माणूस झाला, असं तो स्वतः सांगतो. प्रत्येक माणूस किती एकटा आहे हे कळलं, युद्धाबद्दलची मतं उलटली. गूढानुभवच म्हणावा असा. तो शेवटपर्यंत देव न मानणाराच राहिला.

दुसरा ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर. ईश्वराबद्दलची विधानं अर्थहीन आहेत असं म्हणणारा. १९८८ साली त्याचं हृदय काही मिनिटं थांबलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं, की एक भयंकर तेजस्वी लाल प्रकाश दिसत होता आणि विश्वाचा कारभार त्याच्याकडे आहे असं वाटत होतं. मरणानंतर काहीच नाही या आपल्या मताला किंचित धक्का बसल्याचं त्याने लिहिलं, आणि देवावरच्या अविश्वासाला अजिबात बसला नाही हेही. विश्वाचा कारभारी समोर पाहूनसुद्धा!

म्हणजे अनुभव येतो तेव्हा त्यावर नाव छापलेलं नसतं.

ओसरी

किंवा रसेल आणि एअर यांनी समोर आलेलं स्वीकारायला नकार दिला. आधीचं मत आस्तिकाला आंधळं करतं, तर नास्तिकाला का नाही करणार?

शंकासूर

करेलच. म्हणूनच दोघांच्याही बाहेरची कसोटी हवी.

निवडुंग

इतका वेळ कुणी रसायनांचं नाव कसं काढलं नाही? १९६२ साली बॉस्टनमध्ये वॉल्टर पाह्नके याने धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना गुड फ्रायडेच्या प्रार्थनेआधी गोळ्या दिल्या. निम्म्यांना सिलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांत असतं ते द्रव्य, आणि निम्म्यांना फक्त अंग गरम करणारं निकोटिनिक ॲसिड. सिलोसायबिनवाल्यांपैकी बहुतेकांना गूढानुभव आला, दुसऱ्यांना जवळपास नाही. २००६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये ३६ जणांवर जास्त काटेकोर प्रयोग झाला. दोन महिन्यांनी विचारलं तर दोन-तृतीयांश लोकांनी तो आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला. काही मिलिग्रॅममध्ये साक्षात्कार मिळत असेल तर पुरावा कसला?

ओसरी

चष्म्यातून दिसतं म्हणून दिसलेलं खोटं ठरत नाही. गोळीने दार उघडलं असेल.

रात्रपाळी

हा दार उघडण्याचा युक्तिवाद मला नेहमी फसवा वाटतो. मग तापात भिंतीवर दिसणाऱ्या मुंग्यांसाठीही दार उघडलंच म्हणायचं. कुठलं दार आणि कुठली भिंत हे ठरवायला पुन्हा बाहेरचं काहीतरी लागतंच.

मात्र निवडुंगांनाही सांगतो, १९६२ च्या प्रयोगात कुणाला खरी गोळी मिळाली हे थोड्याच वेळात सगळ्यांना कळलं होतं, आणि एका विद्यार्थ्याला शांत करायला औषध टोचावं लागलं ते मूळ अहवालात नव्हतं. १९९१ साली रिक डॉब्लिनने त्या विद्यार्थ्यांना शोधून काढलं तेव्हा ते पुढे आलं. 'साक्षात्काराची गोळी' म्हणून ते मिरवण्यात अर्थ नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

एक बाजू राहिली, ती मला सगळ्यात निकडीची वाटते. ताईंचा अनुभव कुणाला काही करायला सांगत नाही. सगळेच अनुभव असे नसतात. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९८ मध्ये अब्राहमबद्दल लिहितो, की मुलाचा बळी दे असा आवाज आला तेव्हा त्याने उत्तर द्यायला हवं होतं: 'मी माझ्या मुलाला मारू नये हे निश्चित आहे, तू देव आहेस हे निश्चित नाही, आणि तसं कधी होणारही नाही.' अनुभव कितीही झगझगीत असला तरी नीतीबद्दलची आपली खात्री त्याहून पक्की आहे, असा त्याचा मुद्दा.

गंमत म्हणजे श्रद्धावंतांमधले जाणकारही इथे कडक आहेत. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस दृष्टान्तांना धरून बसू नका, ते खरोखर देवाकडून आलेले असले तरी, असं बजावतो. अनुभवांचा ज्यांना सर्वांत जास्त परिचय होता त्यांना त्यांचा इतका धाक का वाटावा?

आता उदाहरणार्थांच्या पहिल्या प्रतिसादाकडे परत येतो. बाध येईपर्यंत ज्ञान खरं धरायचं, हा नियम मला मान्य आहे. पण तो चालतो कशामुळे? बाध येऊ शकतो म्हणून. झाड समजून जवळ गेलो तर तो खांब निघू शकतो. जिथे बाध येण्याची वाटच नाही, तिथे 'अजून बाध आला नाही' या वाक्यात काही जीव उरत नाही. म्हणून प्रचीती असलेल्यांना माझा थेट प्रश्न: काय घडलं असतं, किंवा पुढे काय घडलं, तर तुम्ही म्हणाल की तो ईश्वराचा अनुभव नव्हता?

अनुभवसिद्ध

असं काहीही नाही. सत्याला बाध नसतो.

शंकासूर

धन्यवाद. पाटीपेन्सिल, तुमचं उत्तर मिळालं.

उदाहरणार्थ

नाही, ते एकाचं उत्तर आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम ऑल्स्टनने १९९१ साली नेमका हाच मुद्दा घेतला. त्याच्या मते प्रत्येक परंपरेत खरा-खोटा अनुभव पारखायच्या कसोट्या असतात: माणूस नम्र झाला का, आधीच्या शिकवणीशी जुळतं का, काळाच्या ओघात टिकलं का. त्या इंद्रियांच्या कसोट्यांसारख्या नाहीत म्हणून त्या कसोट्याच नाहीत असं होत नाही. मात्र परंपरांची संख्या अनेक असणं ही आपल्या मांडणीपुढची सर्वांत मोठी अडचण आहे, हे त्यानेही मान्य केलं आहे. शेवटी कुमारिलांचा प्रश्न तिथेही वाट पाहत उभा आहेच.

वळणावरची

पाटीपेन्सिल, प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन दिवस थांबून उत्तर देते.

उद्या रात्रपाळींनी माझ्या मेंदूतला नेमका बिंदू दाखवला तर मला फरक पडणार नाही. पण त्या रात्रीनंतर मी इतरांशी कठोर झाले असते, 'मला कळलंय, तुम्हाला नाही' असं वाटू लागलं असतं, तर मी त्याच्यावर संशय घेतला असता. मला त्यात काही आज्ञा मिळाली असती तरी घेतला असता. ही कसोटी तुम्हाला पुरेशी वाटणार नाही, मला कळतं. चांगला परिणाम खोट्या गोष्टीचाही होऊ शकतो.

आता तोच प्रश्न शंकासुरांना. काय झालं तर तुम्ही मानाल?

शंकासूर

मला एरवी कळूच शकलं नसतं असं काही त्या अनुभवातून कळलं, आणि ते नंतर तपासता आलं, तर मी हादरेन. मानेन की नाही माहीत नाही. 'हा ईश्वर' एवढं लांब जाणार नाही कदाचित, पण भास म्हणणं बंद करेन. तुमच्या अनुभवात तसं काही होतं का?

वळणावरची

नाही. माहिती म्हणावी असं एक अक्षरही नव्हतं त्यात. म्हणून कुणी माझी साक्ष काढली तर मी उभी राहणार नाही, आणि हा धागा वाचून कुणी माझ्या भरवशावर मानायला लागलं तर मला ते आवडणार नाही. पण मी का मानते असं कुणी विचारलं, तर त्या रात्रीशिवाय दुसरं कुठलंही कारण मी दिलं तर ते बनवलेलं असेल. उदयनाचार्यांची अनुमानं मी इथेच पहिल्यांदा वाचली.